सुरी लागली की पसरतो : एका समजुतीचा इतिहास

अरबीत कर्करोगाला 'सरतान' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. आपल्या 'कर्करोगा'तला कर्क तोच आणि जुन्या ग्रीक वैद्यांचा 'कार्किनोस'ही तोच. एका देशातल्या वैद्यांनी रोगाला खेकड्याचे नाव दिले आणि ते भाषांतर होत होत आपल्यापर्यंत आले. या खेकड्यामागून आणखी एक गोष्ट आपल्या घरांत शिरून बसली आहे. ती म्हणजे, "गाठीला सुरी लावू नका, सुरी लागली की ती पसरते," हे वाक्य. मोहल्ल्यात, वाडीत, दवाखान्याच्या बाकावर, आजाऱ्याची खुशाली विचारायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यावर विश्वास ठेवून किती माणसे इलाजाला उशिरा गेली असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

अडाणी समजूत म्हणून हे वाक्य झटकून टाकावे, असे आम्हाला वाटत नाही. एकेकाळी ते बऱ्याच अंशी खरे होते. ते कोणत्या काळी खरे होते आणि केव्हा खोटे ठरत गेले, हे पाहायचे असेल तर मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास पाहावा. आपल्या कातडीला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या पेशी बिघडल्या की हा रोग होतो. तो अंगावर उघड्या डोळ्यांना दिसतो, सुरीच्या टप्प्यात असतो आणि तरीही त्वचेच्या इतर नेहमीच्या कर्करोगांपेक्षा फार लवकर शरीरभर पसरतो. म्हणूनच गेल्या दोनशे वर्षांत इलाजाच्या जवळजवळ प्रत्येक कल्पनेची परीक्षा या रोगावर झाली.

सुरुवात कॉर्डोव्यापासून करू. अबुल कासिम अल-जहरावी (मृत्यू सुमारे १०१३) हे मध्ययुगातले थोर शल्यविशारद. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत. सरतानबद्दल त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. तो लहान असेल, नुकता सुरू झालेला असेल आणि मुळासकट काढता येईल अशा जागी असेल, तर काढावा. तो जुना आणि मोठा झाला असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. अशा रोग्याला आपण स्वतः बरे करू शकलो नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. इब्न सिना (मृत्यू १०३७) यांनीही 'अल-कानून'मध्ये लहान सरतान काढायचा तर भोवतालच्या भागासकट पुरता काढावा, असाच सल्ला दिला. बाराव्या शतकात तोलेदो येथे हे दोन्ही ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके अभ्यासले गेले.

या सल्ल्याचे दोन भाग होते. लवकर असेल तर काढा, हा पहिला. उशीर झाला असेल तर हात लावू नका, हा दुसरा. लोकांच्या स्मरणात फक्त दुसरा राहिला, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. भूल देण्याची आजची सोय नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, सुरी म्हणजे यातना. तेव्हा माणूस अगदी शेवटीच सुरीखाली जाई. रोग तोवर आत पसरलेला असे. गाठ कापली जाई, काही महिन्यांत रोगी दगावे, आणि पाहणाऱ्यांना वाटे की सुरीनेच रोग भडकवला. डोळ्यांनी जे पाहिले त्यावरूनच लोकांनी ते वाक्य घडवले. त्यांना दिसले नव्हते ते एवढेच, की रोग सुरीच्या आधीच निघून गेला होता.

लंडनचे प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८७ मध्ये एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्यामागची गाठ काढली. ती पूर्वी एकदा काढूनही पुन्हा उगवली होती. हंटर यांनी ती बरणीत जपून ठेवली, पण हा रोग कोणता हे त्यांना सांगता आले नाही. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९६८ मध्ये, तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा तो मेलॅनोमा असल्याचे उघड झाले. मधल्या काळात रोगाला नाव मिळाले होते. पुढे स्टेथोस्कोपचा शोध लावणारे रेने लेनेक यांनी १८०४ मध्ये पॅरिसला दिलेल्या व्याख्यानात या काळ्या गाठींना 'मेलॅनोसिस' म्हटले. ग्रीक भाषेत 'मेलास' म्हणजे काळा. १८३८ मध्ये रॉबर्ट कार्सवेल यांनी 'मेलॅनोमा' हा शब्द वापरला.

इंग्लंडमधल्या स्टोरब्रिज या गावी विल्यम नॉरिस नावाचे एक साधे गावडॉक्टर होते. १८२० मध्ये त्यांनी अशाच एका रोग्याची हकीकत छापली. त्या रोग्याचा बापही तशाच रोगाने गेला होता आणि घरातल्या इतरांच्या अंगावरही पुष्कळ तीळ होते, हे त्यांनी टिपून ठेवले. रोग तिळांशी आणि घराण्याशी जोडलेला असू शकतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय, केवळ लक्ष देऊन पाहिल्यामुळे ओळखले. पुढे १८४० मध्ये सॅम्युअल कूपर या सर्जनने लिहिले की, रोग पसरल्यावर त्यावर इलाज नाही, आशा आहे ती लवकर काढून टाकण्यातच. म्हणजे आठशे वर्षांनी युरोप पुन्हा जहरावींच्या मुक्कामी येऊन पोहोचला होता.

त्यानंतर मात्र सुरीला जोर चढला. भूल आली, जंतुनाशके आली आणि सर्जनच्या हाताला धीर आला. १९०७ मध्ये लंडनच्या विल्यम सॅम्पसन हँडली यांनी मेलॅनोमाने मरण पावलेल्या एका स्त्रीच्या शवाचा बारकाईने अभ्यास केला. रोग बारीक लसिकावाहिन्यांतून चहूबाजूंनी सरकतो, असे त्यांचे मत झाले. म्हणून गाठीभोवती इंचभर कातडी आणि तिच्याखालची चरबी दोन इंचांपर्यंत काढावी, असे त्यांनी सुचवले. हँडली यांनी अभ्यासली होती एकच स्त्री. पण पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या सूचनेचा कायदा केला. चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर कापायचे, जखम मोठी झाली की मांडीची कातडी काढून तिथे लावायची, आणि जवळच्या लसिकाग्रंथीही सरसकट काढून टाकायच्या. काहींचे तर हात किंवा पाय मुळापासून गेले. अनेक दशके कोणी विचारले नाही की एवढे कापून माणसे जास्त जगतात का?

हा प्रश्न विचारायला एक मोजपट्टी हवी होती. ती १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दिली. गाठ किती रुंद पसरली आहे यापेक्षा ती किती खोल गेली आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजले. ०.७६ मिलिमीटरपेक्षा पातळ असलेल्या त्यांच्या रोग्यांत रोग पसरलेला आढळला नाही. रोग्याचे भवितव्य मिलिमीटरच्या अंशांत लिहिलेले होते आणि वैद्यक इतकी वर्षे इंचांत मोजत बसले होते.

मग इटलीच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी पुढचे पाऊल टाकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मेलॅनोमा कार्यक्रमातून त्यांनी रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून तुलना केली. १९७७ मध्ये दिसून आले की, गाठी लागत नसतानाही हातापायांच्या रोग्यांच्या लसिकाग्रंथी आगाऊ काढल्याने आयुष्य वाढत नाही. १९८८ मध्ये, दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या रोगाच्या ६१२ रोग्यांत एक सेंटिमीटर आणि तीन सेंटिमीटर अशी तुलना झाली. जगण्यात फरक पडला नाही. २०११ मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या ९३६ रोग्यांचा अभ्यास आला. त्यांचा रोग दोन मिलिमीटरहून जाड होता. त्यांच्यातही दोन सेंटिमीटर कापलेले आणि चार सेंटिमीटर कापलेले सारखेच जगले. आज पातळ रोगासाठी सुमारे एक आणि जाड रोगासाठी सुमारे दोन सेंटिमीटर एवढीच कड सोडतात.

लसिकाग्रंथींचेही असेच झाले. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पायातला मळ ज्या गाठीत प्रथम पोहोचतो तीच गाठ सुजते. कॅलिफोर्नियाच्या डोनाल्ड मॉर्टन यांनी या साध्या गोष्टीचे शास्त्र केले. रोगाच्या जागी निळा रंग टोचायचा, तो प्रथम कोणत्या ग्रंथीत जातो ते पाहायचे आणि तेवढीच एक काढून तपासायची. तिला आपण पहारेकरी ग्रंथी म्हणू. १९९२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. पहारेकरी ग्रंथीत रोग सापडला तरी उरलेल्या सगळ्या लगेच काढाव्यात का? २०१७ मध्ये मोठ्या चाचणीचे उत्तर आले की, त्याने आयुष्य वाढत नाही. उलट सगळ्या ग्रंथी काढलेल्यांपैकी २४ टक्के लोकांना हातापायाची सूज जडली. ज्यांच्यावर फक्त नजर ठेवली त्यांच्यात ती ६ टक्के होती.

एवढे झाले तरी जहरावींच्या सल्ल्याचा दुसरा भाग अजून अभंग होता. रोग फुप्फुसात, यकृतात, मेंदूत गेला की वैद्यक हात टेकत होते. १९७५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले डॅकार्बाझीन हे औषध पस्तीस वर्षे वापरात राहिले, कारण त्याहून बरे काही नव्हते. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच रोगावर सोडावे, ही कल्पना जुनी होती. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या रोग्यांना मुद्दाम जंतू टोचून तसा प्रयत्न केला होता. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी पुढे आणलेले इंटरल्यूकिन-२ हे औषध १९९८ मध्ये मेलॅनोमासाठी मंजूर झाले. त्याने शंभरात सहा जणांचा रोग पूर्ण नाहीसा होई. मात्र औषध इतके जहाल की ते देताना रोग्याला इस्पितळात डोळ्यांत तेल घालून जपावे लागे.

किल्ली सापडली ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशींना ब्रेक असतात. ते नसते तर त्या आपल्याच शरीरावर तुटून पडल्या असत्या. कर्करोग हेच ब्रेक दाबून धरतो. अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये उंदरांत दाखवले की, त्यातला एक ब्रेक सोडवला की गाठ विरघळते. जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये दुसरा ब्रेक शोधून काढला होता. पहिल्या शोधातून इपिलिमुमॅब हे औषध निघाले, ते २०११ मध्ये मंजूर झाले. दुसऱ्यातून पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब, ती २०१४ मध्ये. २०१८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. २०११ मध्येच वेगळ्या जातीचे आणखी एक औषध आले होते. मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रोग्यांत 'ब्राफ' नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे २००२ पासून कळत गेले होते. त्या बिघाडावर नेमका घाव घालणाऱ्या गोळ्यांनी गाठी आठवड्यांत वितळू लागल्या. मात्र बहुतेकांत काही महिन्यांनी त्या पुन्हा उगवत. म्हणून आता दोन गोळ्या जोडीने देतात.

पसरलेल्या मेलॅनोमाचा रोगी वर्षभर जगला तर नशीब, असे २०१० पर्यंत म्हणत. २०२४ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे आले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रोगी दहा वर्षांनंतरही जिवंत होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या यकृतात आणि मेंदूत २०१५ मध्ये मेलॅनोमा सापडला, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. शस्त्रक्रिया, मेंदूवर किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस रोग दिसेनासा झाला. ते वयाच्या शंभराव्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये वारले. या औषधांचे दुखणेही आहे. सुटलेल्या लढाऊ पेशी कधी आतड्यावर, कधी थायरॉइडवर, कधी फुप्फुसावर चालून जातात. त्यामुळे ती जाणत्या डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यावी लागतात.

आता तर सुरी आणि औषध यांचा क्रमही बदलू लागला आहे. २०२४ च्या एका चाचणीत लसिकाग्रंथीत मोठा रोग असलेल्या ४२३ जणांपैकी अर्ध्यांना आधी औषधाच्या दोन फेऱ्या दिल्या आणि मग शस्त्रक्रिया केली. वर्षानंतर त्यांच्यापैकी सुमारे ८४ टक्के रोग न उलटता होते. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते.

इथवरचा इतिहास बहुतांशी गोऱ्या कातडीचा आहे. ऑस्ट्रेलियात हेन्री लँकेस्टर यांनी १९५६ मध्ये उन्हाचा आणि या रोगाचा संबंध दाखवला, तोही गोऱ्या वसाहतवाल्यांचा. आपल्या देशात मेलॅनोमा दुर्मीळ आहे, लाखात एकापेक्षाही कमी. गडद कातडीतले मेलॅनिन उन्हाला ढालीसारखे अडवते. पण आपल्यासारख्या लोकांत तो जेव्हा होतो, तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. इंग्लंडचे जोनाथन हचिन्सन यांनी नखाच्या या रोगाचे, काळ्या नखुरड्याचे, वर्णन १८८६ मध्ये केले होते. तरी या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळायला १९७६ साल उजाडले. ब्राफचा बिघाडही या प्रकारात कमी आढळतो आणि ब्रेक सोडवणारी औषधे त्यावर तुलनेने कमी चालतात. म्हणजे नव्या इलाजांचा सर्वांत कमी लाभ ज्यांना होतो, त्यांनाच लवकर ओळखण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

जमैकाचा गायक बॉब मार्ले याच प्रकाराने गेला. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. अंगठा काढण्याचा सल्ला त्याने मानला नाही. त्यामागे त्याची धर्मश्रद्धा होती, असे सांगितले जाते. नख आणि त्याखालचा भाग काढून कातडी लावण्यात आली. १९८० मध्ये रोग मेंदूपर्यंत पोहोचल्याचे कळले आणि मे १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या वेळी ॲलिसन आणि होन्जो यांची औषधे नव्हती. काळाच्या आधी जन्मल्याची किंमत त्याने दिली. आपल्याला ती सबब नाही.

आपल्याकडे तळपायाच्या काळ्या डागाला कुरूप समजतात, काटा रुतला म्हणतात, चपलेने घासले म्हणतात. मग कोणी ब्लेडने खरवडतो, कोणी चुना किंवा ॲसिड लावतो. शेतात, खाडीत, बांधकामावर अनवाणी राबणाऱ्या पायांकडे तसेही कोण बघते? पाय धुताना तळवा उलटा करून पाहावा, म्हाताऱ्या माणसांचा आपण पाहावा, एवढेच आमचे मागणे आहे. नवा काळा डाग वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली, तो फुटून वाहू लागला, महिना उलटूनही जखम भरली नाही, तर डॉक्टरला दाखवावे. गडद कातडीच्या माणसांच्या अनेक नखांवर काळसर रेघा असतात, त्यांना भिण्याचे कारण नाही. पण मोठेपणी एकाच नखावर रेघ उमटून रुंद होत चालली, किंवा तिचा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर थांबू नये. हा रोग कधी काळा नसतो, लालसर मांसासारखाही दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. डॉक्टर डाग काढून तपासणीला पाठवू म्हणाले, तर त्या सुरीला भिऊ नये. तपासणीसाठी डाग काढल्याने मेलॅनोमा पसरत नाही.

आता प्रश्न पैशाचा. ही औषधे अतिशय महाग आहेत आणि बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर आहेत. या बाबतीत एक महत्त्वाचे काम मुंबईतच झाले. परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर एक चाचणी केली. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस शेकडो मिलिग्रॅमचा असतो. त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, सोबत स्वस्त गोळ्या. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास मेलॅनोमाचा नव्हता, त्यामुळे त्यावरून मेलॅनोमाचा डोस कोणी ठरवू नये. पण गरिबाला परवडेल असा प्रश्न गरिबांच्या शहरातले डॉक्टरच विचारतात, हे त्यातून दिसते.

पातळ रोगाचा इलाज मात्र आजही स्वस्त आहे. मिलिमीटरच्या आत असलेला डाग सेंटिमीटरभर कड ठेवून काढायला बहुधा तासाभराची शस्त्रक्रिया पुरते. पहारेकरी ग्रंथी, वर्षभराचे औषध, जनुकांची तपासणी, मेंदूचे किरणोपचार, हा सगळा खर्च आणि सगळी धास्ती त्या मिलिमीटरच्या पलीकडे सुरू होते.

तेव्हा ते जुने वाक्य पुन्हा कानावर आले तर त्यात थोडी दुरुस्ती करावी. सुरी उशिरा लागली, तर रोग आधीच पसरलेला असतो. वेळेवर लागली, तर तो तिथेच संपतो. कॉर्डोव्याच्या त्या तबीबाने हजार वर्षांपूर्वी दोन्ही अर्धे सांगितले होते. आपण विसरलेला अर्धा भाग तेवढा परत घ्यायचा आहे.